बुवांची पट्टी

४ जून

आमच्या गायन मंडळाच्या कार्यक्रमात सुरुवातीचं गाणं मीच गाणार. यात चर्चा कसली? मंडळाला पंचवीस वर्षं झाली, त्यातली बावीस वरचे सूर मी सांभाळलेत. पण गाणं शिकवणाऱ्या बाई आज म्हणतात, "या वेळी धाकटीचाही विचार करतेय."

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. घरात सगळे तिला बुवा म्हणतात — आवाजच तसा. फोन उचलला की समोरचा म्हणतो, "साहेब, जरा ऐका." पेटीवर माझी पट्टी काळी पाच, तिची काळी दोन. पुरुष गातात ती!

६ जून

तालीम. बुवा गायली तेव्हा सगळ्या बायका डोळे मिटून ऐकत होत्या. मी वरचा सा लावला तर खिडकीची काच थरथरली. डोळे कुणी मिटले नाहीत. मिटतील कसे, दचकल्या होत्या.

७ जून

बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघीच घरी ठरवा, मला भांडण नको." मी लगेच म्हटलं, बाबा ठरवतील. बुवाही हो म्हणाली, बिचारी.

बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. नुसतं कानाशी धरून सांगायचे, कुठलं चाक अडतंय. आणि माझ्या कार्यक्रमाची पहिली रांग त्यांनी कधी सोडलेली नाही. मी वर गेले की नेमका तिथेच त्यांचा "वा!" येतो. निकाल लागल्यातच जमा आहे.

९ जून

बाबांनी बुवाचं नाव घेतलं.

१० जून

काल लिहवेना. दोघींनी एकच गाणं म्हटलं, आपापल्या पट्टीत. बाबांना आमच्याकडे पाठ करून बसवलं होतं — चेहरा बघून माया नको, ही अट माझीच! मी वर गेले. वा नाही. पुन्हा गेले. नाही. बुवाने तोंड उघडलं आणि त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरायला लागली.

वर मला म्हणतात, "तू आज अशी पुटपुटत का होतीस?"

पुटपुटत! मी! दोन दिवस त्यांच्याशी बोलणार नाही.

१३ जून

मी रुसून बसले, पण बुवाला ते "पुटपुटत" खटकलं. ती बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही गेले, तोंड फुगवून. डॉक्टर म्हणाल्या, "वरचे आवाज आधी जातात. खालचे, भरदार आवाज यांना अजून कळतात. गेली चारेक वर्षं तरी असं असणार."

चार वर्षं? मग पहिल्या रांगेतला तो वा?

बाबा ओशाळले. म्हणाले, "तुझ्या गळ्याची शीर उभी राहिली की मी समजायचो, लागला सा. तू केवढी खूश असायचीस. कशाला सांगायचं?"

मी डॉक्टरांसमोरच रडले. बाहेर आल्यावर बुवा म्हणाली, "ताई, निकाल रद्द. तूच गा." मी म्हटलं, "गप गं. त्यांना ऐकू येईल अशीच गायला हवी ना कुणीतरी?"

१६ जून

बुवाकडे जायला लागले, रोज सकाळी. काळी दोन शिकायला. "ताई, ओढू नकोस, छातीत बसू दे." ती शिकवणार आणि मी शिकणार! खालचं गाणं सोपं असतं, असं मंडळात इतकी वर्षं सांगत आले. थापा मारत होते. दोन ओळींत घाम फुटला.

१९ जून

आज नुसता खोकला.

२८ जून

कार्यक्रम झाला. बुवा गायली! सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पहिल्या रांगेत बाबांची बोटं गुडघ्यावर चालली होती, आणि डोळे चक्क मिटलेले. मी मागच्या ओळीतून बघत होते. शेजारणीला दोनदा सांगितलं, माझी बहीण आहे. तिला ते बावीस वर्षं माहीत आहे, तरी सांगितलं.

२ जुलै

बाबा खिडकीशी पाठमोरे, घड्याळ पुसत बसले होते. मी दारातूनच गायला लागले, काळी दोनमध्ये. त्यांचा हात थांबला. बोटांनी ताल धरला. मग न वळताच म्हणाले —

"वा! या बुवा, कधी आलात?"

"आत्ताच, बाबा," मी म्हटलं. तसंच, खालच्या आवाजात.