बावीस अंशांचा उतार

५ ऑगस्ट १९९६, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोज सहाच्या आत उठणे. (आज दहा मिनिटं उशीर. घड्याळ पुढे असावं.)
चेअरमनसाहेब अमेरिकेत मुलाकडे राहून आले. तिथे त्यांनी गवत कापायचं मशीन पाहिलं. झीरो टर्न. स्टिअरिंग नाही, दोन दांडे. एक पुढे ढकलला, एक मागे ओढला की बसल्या जागी गर्रकन वळतं. साक्रीच्या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजला टेकडीवर तसंच पाहिजे म्हणाले. दोन मॉडेलं आहेत, तुलना करून रिपोर्ट द्या. या कामाला कॅम्पस सुपरवायझर चुडामण नारखेडेच योग्य, असंही म्हणाले. म्हणजे म्हणाले नाहीत, पण रोख तोच होता.

७ ऑगस्ट, बुधवार
कॅटलॉग वाचले. मॉडेल ‘अ’ हलकं. पुढची दोन चाकं नुसती फिरकीची, ओल्या गवतात उतारावर सरकतात. मॉडेल ‘ब’ जड, टायर रुंद, खड्ड्याखळग्यांत पातं जमिनीला घासत नाही. शिवाय सीटच्या मागे लोखंडी कमान. उलटलं तर माणूस खाली चिरडू नये म्हणून.
कमानीचं पान दोनदा वाचलं. पाणी प्यालो.
दोन्ही पुस्तकांत शेवटी बारीक अक्षरांत लिहिलंय: पंधरा अंशांच्या वर उतार असेल तर चालवू नये. अमेरिकन लोक फार भित्रे.

१० ऑगस्ट, शनिवार
उतार मोजायला पाण्याच्या टाकीमागे गेलो. मोजला नाही. गवतात कोणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, मग थुंकल्यासारखं. वळून पाहिलं तर कोणी नाही.
पितांबर असा खोकायचा. आमचा ट्रॅक्टर ड्रायव्हर. मागच्या भाद्रपदात याच उतारावर गवत कापताना ट्रॅक्टर उलटला, तो खाली सापडला. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून तपासणी समिती येणार होती. गवत ओलं होतं. तो म्हणाला होता, साहेब, उद्या ऊन पडल्यावर करू. त्यावर मी काय म्हणालो ते आठवत नाही. रिपोर्ट मीच लिहिला: चालकाचा निष्काळजीपणा.
खोकला ऐकू येण्याचं कारण पित्त. चिवडा बंद.

१२ ऑगस्ट, सोमवार
छत्री घेऊन गेलो. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता, पण हातात काही असलं की बरं. कोनमापक, दोरा, दोऱ्याला कुलूप बांधलेलं. उतार बावीस. परत मोजला, बावीस. ड्रॉइंगच्या सरांचा मोठा लाकडी कोनमापक आणला. बावीस.
रिपोर्टमध्ये ‘अंदाजे १४’ लिहिलं. गवत उंच असलं की मोजणी चुकते.
टेकडीवरचं बाकी गवत कलाबाईने विळ्याने कापलंय. ती पितांबरची बायको. संस्थेने तिला बागकामावर घेतलं. ट्रॅक्टर जिथे पडला तेवढा तुकडा तिने तसाच ठेवलाय. तिथे गवत छातीएवढं आहे. वारा नसताना हलतं. ससे असावेत.

१५ ऑगस्ट, गुरुवार
झेंडावंदन. चेअरमनसाहेबांनी माइकवरून जाहीर केलं, सव्वीस तारखेला टाकीमागच्या उतारावर डेमो. मशीन चालवणार जीवराम. जीवराम पितांबरचा धाकटा भाऊ, त्याच्याच जागी लागला. शिफारस माझी होती. त्या घरासाठी मी बरंच केलंय.
लाडू खाल्ला नाही. डाळ जुनी असणार.

१९ ऑगस्ट, सोमवार. दुपारी २
ऑफिसात बसलो असताना टाकीकडून ट्रॅक्टरचा आवाज. चढावर दम लागल्यासारखा. मग एकदम बंद. पुना शिपायाला विचारलं, ट्रॅक्टर कोणी काढला? पुना म्हणाला, साहेब, तो तर तव्हाच भंगारात गया.
कान तपासून घेणे.

२२ ऑगस्ट, गुरुवार
धुळ्याला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, कान लहान पोरासारखे स्वच्छ आहेत. म्हणजे दोष ऑफिसच्या भिंतींचा. खुर्ची दुसऱ्या कोपऱ्यात हलवली.
आवाज तिथेही येतो. जरा जवळून.

२६ ऑगस्ट, सोमवार
डेमो झाला. झाला नाही.
जळगावचा एजंट मोतीलाल दोन्ही मशीनं ट्रकमधून घेऊन आला. मैदानावर त्याने ती भोवऱ्यासारखी फिरवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे टाकीमागे गेलो. सकाळी सर पडून गेली होती. जीवराम ‘ब’वर बसला, दांडे धरले. डोक्यावर पितांबरची टोपी. मोतीलालने विचारलं, चढ किती?
चेअरमनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, चौदा. जीवरामने इंजिन सुरू केलं. तेवढ्यात तो खोकला. दोनदा कोरडं.
मी म्हणालो, बावीस.
साहेब म्हणाले, नक्की काय ते बोला. मी म्हणालो, बावीस आहे साहेब, तीनदा मोजलाय. मोतीलालने लगेच हात पुढे करून इंजिन बंद करायला लावलं. म्हणाला, मग या उतारावर माझं कुठलंच मशीन नको. जीवराम खाली उतरला.
गर्दी पांगली. कलाबाई विळा घेऊन उभीच. तिने विचारलं, भाऊ, मांगला साल बी इतलाच व्हता का?
मी हो म्हणालो.
मी पितांबरला काय म्हणालो होतो तेही आठवलं. बायकांसारखा भितोस काय, असं म्हणालो होतो. चारचौघांत.

२८ ऑगस्ट, बुधवार
जुना रिपोर्ट दुरुस्त करायचा ठरवलं. आता माघार नाही. चार मसुदे केले. पहिल्यात ‘परिस्थितीने त्यास पाठविले’ असं होतं. शेवटच्यात: ‘चालकाचा दोष नव्हता. तो नको म्हणत होता. मी पाठविले.’ सही केली. एक प्रत प्राचार्यांना दिली. त्यांनी न वाचता पेपरवेटखाली ठेवली.
दुसरी कलाबाईला टाकीजवळ वाचून दाखवली. ती म्हणाली, आखो एकदाव वाचा. परत वाचली. तिने पदराने विळा पुसला. मग म्हणाली, गाव म्हणस, पितांबर दारू पीसनी गया. सासू वर्षभर कोनाच दारशे जायेल नही. तुम्ही घर या, तिले वाची दाखाडा.
रविवारी नक्की येतो म्हणालो. खूप हलकं वाटलं. दुपारी आवाज नाही.

१ सप्टेंबर, रविवार. सकाळी ७
इस्त्रीचा शर्ट. नऊच्या बसने जाणार. पितांबरच्या आईच्या, मंजुळाबाईंच्या पाया पडून मग वाचायचं, की वाचून मग पडायचं, ते बसमध्ये ठरवू.

९.२०
बस फार भरलेली होती.

११.४५
ही रिकामी होती. पण एवढ्या रिकाम्या बसने गेलं की सगळं गाव बघतं.

दुपारी ४.३०
जीवराम मोटारसायकल घेऊन खोलीवर आला. म्हणाला, माय सकायपाईन वट्टावर बशेल शे. चार घरना लोके बी बलायेल शेतस. मी पत्र त्याच्यापुढे धरलं. म्हटलं, तूच वाचून दाखव. त्याने ते घेतलं नाही. म्हणाला, माय म्हणस, तुमना तोंडे ऐकनं शे.
मी म्हणालो, मला ताप आहे.
त्याने माझा हात हातात घेऊन पाहिला. म्हणाला, साहेब, हात ते थंडा शे.
मी म्हणालो, ताप आतून आहे.