गोठ्याची लाईन

डिंगोरे, ता. जुन्नर
११ नोव्हेंबर २००९

प्रिय भरत,

गेल्या पंधरा दिवसांत तुला अकरा फोन केले. तू एकही उचलला नाहीस. एका परीनं बरंच झालं. फोनवर मी दोन शिव्या हासडल्या असत्या, तू गोड बोलला असतास आणि मी नेहमीसारखा विरघळलो असतो. कागदावर तुझं गोड बोलणं ऐकू येत नाही. तेव्हा हे पत्र सावकाश वाच आणि शेवटपर्यंत वाच, कारण तुझ्याकडे एक काम आहे आणि ते मी शेवटी लिहिणार आहे.

घरी सगळे ठीक. अंजनाची पाठ अधूनमधून धरते, पण कांदालागणीला गेल्याशिवाय तिला करमत नाही. परवा तिला सगळं सांगितलं तेव्हा ती चहा गाळत होती. गाळणी तशीच हातात धरून म्हणाली, "भरतभावजी आसं करायचं न्हाईत." मीही पंधरा दिवस स्वतःला हेच सांगतोय. जुन्नरचं आपलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान अजून चालू आहे, पाटीवर अजून दोघांचीही नावं आहेत. गिऱ्हाईक विचारतं, दुसरे भाऊ कुठं असतात? मी सांगतो, पुण्यात मोठ्या कंपनीत साहेब झाले. सांगताना आत्तापर्यंत छाती फुगायची. अकरा वर्षं एका स्टुलावर आलटून पालटून बसलो आपण, एवढा हक्क तर होता.

तो बंगला आठवतोय ना? आठवत असणारच, त्याच्यावरच तर तुझी नोकरी उभी राहिली. मंचरच्या शेठनं इथल्या शेतात बंगला बांधायला घेतला आणि जर्मनीत असलेल्या त्याच्या मुलानं खोक्यांवर खोकी पाठवली. केएनएक्स म्हणे. आपण दोघांनी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं एखाद्या खताचं नाव असेल. तू पुण्याला जाऊन पाच दिवस शिकून आलास आणि परत आल्यावर याच घरात जेवता जेवता मला समजावलंस. बटणाची वायर दिव्यापर्यंत जातच नाही, गोरख. बटण नुसतं एका बारीक हिरव्या केबलवरून निरोप धाडतं आणि पॅनलमधली डबी तो निरोप ऐकून दिवा लावते. कुणी कुणाचं ऐकायचं ते कॉम्प्युटरवर ठरवायचं. आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायला माळ्यावर एक काळा खोका, होम सर्व्हर, म्हणजे शेठच्या मुलाला जर्मनीत बसून इथल्या विहिरीची मोटर चालू करता येईल. मी म्हणालो, इथं बसून होत नाही ती, लाईट कुठं असते? किती हसलो होतो आपण.

बावीसशे मीटर हिरवी केबल ओढली मी. एका पाइपात घरच्या करंटची वायर आणि ही केबल एकत्र घालायची नाही म्हणून भिंती दोनदा फोडल्या. मग ते बटण दाबण्याचं काम. तू लॅपटॉप घेऊन जिन्यावर, मी स्टुलावर पॅनलसमोर. एकेका डबीला तिचा नंबर द्यायचा तर तिच्या अंगावरचं बारीक बटण कुणीतरी दाबायला लागतं. तू ओरडायचास, "दाब!" डबीवरचा बारका दिवा पेटला की मी ओरडायचो, "लागला लाल!" सेहेचाळीस डब्या, तीन दिवस. बंगल्याचा राखणदार चांगदेव खाली उभा राहून आपली नक्कल करायचा आणि त्याची बायको लंकाबाई पदर तोंडाला लावून हसायची. त्या तीन दिवसांत तू दाब म्हणालास की मी दाबलं. का, कशाला, असं एकदाही विचारलं नाही.

बंगल्यामागच्या गोठ्याचंही तसंच. कडबा कापायच्या कुट्टीयंत्राला जुना स्टार्टर होता. लाईट गेली की तो पडायचा, आली की हातानं पुन्हा दाबायला लागायचा. तू म्हणालास, सर्व्हर आहे, पॅनलमध्ये डबी आहे, भिंतीवर नवं बटण आहे, मग हे दुहेरी लचांड कशाला? मी स्टार्टर काढून टाकला. विहिरीची मोटर, गोठ्याची लाईन, कंपाउंडचे दिवे आणि गिझर, चारही एकाच डबीवर. आता मला कळतंय तिथं काय झालं. आपल्याकडे दिवसातून बारा तास लाईट नसते, म्हणून विहिरीच्या मोटरला जो तो ऑटो लावतो. जाताना चालू असलेली मोटर लाईट आली की आपोआप पुन्हा सुरू झाली पाहिजे, नाहीतर पाणी भरणार कोण? तू विहिरीच्या लाईनला तसंच सेटिंग केलंस. बरोबर केलंस. आणि मग तेच सेटिंग त्या डबीच्या बाकीच्या तीन लाईनींना चिकटवून मोकळा झालास. पुण्यातल्या कुणा इंजिनिअरनं हे केलं नसतं, त्याला ऑटोची सवयच नाही. ही चूक आपल्याच मुलखातल्या माणसाकडून व्हायची. तुझ्या जागी मी असतो तर मीही केली असती. चुकीसाठी मी तुझ्यावर रागावलेलो नाही, हे नीट वाच.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला तो गुरुवार. नऊला लाईट गेली तेव्हा कुट्टी चालू होती आणि तोंडाशी कडबा अडकला होता. चांगदेवनं दोन तास इतर कामं केली आणि मग म्हणाला, लाईट नाही तोवर अडकलेला कडबा काढून घेऊ. त्यानं हात घातला. अकरा वाजून दहा मिनिटांनी लाईट आली. मी तेव्हा बंगल्यावर कंपाउंडचा दिवा बदलत होतो. त्याची आरोळी मला अजून ऐकू येते, खोटं कशाला सांगू. उजव्या हाताची तीन बोटं गेली. शेठच्या जीपमधून त्याला नारायणगावला नेताना त्याचा टॉवेलात गुंडाळलेला हात माझ्या मांडीवर होता आणि दुसऱ्या हातानं मी तुला फोन लावला. साडेअकरा वाजले होते. चांगदेव पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "मी बटण दाबलं न्हाई, गोरखभाऊ. मशीन आपसूक सुरू झालं. लाईट आली आन् सुरू झालं." तुला ते फोनवर ऐकू गेलं असणार. तू मला दोन गोष्टी विचारल्यास. सर्व्हर चालू आहे का? आणि विजेचे इन्स्पेक्टर कधी येणार? मला वाटलं, भरत घाबरलाय, आपल्या काळजीनं विचारतोय.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. कुट्टी सुरू करून मेन स्विच पाडला, पुन्हा उचलला. पाच वेळा. लाईट आल्यावर कुट्टी एकदाही सुरू झाली नाही. मग निष्कर्ष सरळच होता, बटण माणसानंच दाबलं. चांगदेव खोटं बोलतोय. तू त्यांच्याशी फोनवर बोललास आणि म्हणालास की सिस्टीममध्ये दोष नाही, तो राखणदार पूर्वी पीत होता, त्या दिवशीही घेतली असेल. स्टार्टर काढल्याबद्दल माझं वायरमनचं लायसन आठ महिने अडकलं. ते सोड. पण तुझं ते एक वाक्य गावात फिरलं आणि फिरवणाऱ्यांत मीही होतो. एसटी स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिताना मी दहा जणांना सांगितलं, प्यायला होता हो. का सांगितलं? कारण भरत म्हणाला. एवढ्यावर थांबलो नाही. दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून मी त्याला विचारलं, "चांगदेव, खरं सांग, घेतली व्हती का?" त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर पावणेदोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही, आणि मी मनात म्हणायचो, बघा, चोर तो चोर, वर शिरजोर.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. सर्व्हरची डिस्क कुरकुरायला लागली. शेठच्या मुलानं नवा खोका पाठवला आणि जुन्यातलं सगळं नव्यात घालायला माणूस पाहिजे म्हणाला. तू त्याचा फोन उचलेनास. मग मला बोलावणं आलं. तुला गंमत वाटेल, लायसन अडकलं होतं त्या आठ महिन्यांत मी जुन्नरला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतो. वर्गात सगळी कॉलेजची पोरं आणि मी एकटा टक्कल पडलेला. माझ्या हातून पुन्हा कुणाची बोटं जाऊ नयेत एवढाच हेतू होता. माळ्यावर बसून, शेठचा मुलगा फोनवर सांगेल तसं, एकेक फोल्डर नव्या खोक्यात उतरवत गेलो. नवा सर्व्हर सुरू झाला, हॉलचा दिवा लागला, विहिरीची मोटर ऐकू लागली. लई आनंद झाला, राव. वाटलं, भरतला फोन करून सांगावं, तुझ्याशिवाय जमलं म्हणून चिडवावं.

मग बॅकअपची यादी दिसली. सर्व्हर प्रत्येक बदलाच्या वेळी स्वतःच एक प्रत ठेवतो, हे तू मला शिकवलं होतंस. बहुतेक विसरलास. त्या फेब्रुवारीत एकच प्रत होती. तारीख गुरुवारची, वेळ अकरा बावन्न. बदल बाहेरून, इंटरनेटवरून, तुझ्या नावानं. मी ती आणि तिच्या आधीची, दोन्ही उघडल्या आणि एकेक ओळ ताडून पाहिली. सगळं सारखं. फक्त गोठ्याची लाईन. आधीच्या प्रतीत, लाईट परत आल्यावर: जाताना होती तशी. नंतरच्या प्रतीत, लाईट परत आल्यावर: बंद.

भरत, साडेअकराला मी फोन केला आणि अकरा बावन्नला तू ते बदललंस. बावीस मिनिटं. आम्ही अजून नारायणगावला पोहोचलोही नव्हतो. माझी पँट त्याच्या रक्तानं भिजत होती आणि तू पुण्यात बसून पुरावा पुसत होतास. एवढ्या वेळात तुला बरोबर कळलं होतं की चांगदेव खरं बोलतोय. चांगदेव सोडला तर साऱ्या जगात ते माहीत असलेला तू एकटाच माणूस होतास. आणि दुसऱ्या दिवशी तूच म्हणालास की तो प्यायला असेल. मी माळ्यावर तासभर बसून राहिलो. तू मला फसवलंस याचा राग एक वेळ गिळला असता. पण तू माझ्या तोंडून त्याला खोटं ठरवलंस. माझं तोंड वापरलंस तू. स्टुलावर उभा राहून तू म्हणशील ते बटण दाबणारा माणूस होतो ना मी, तसंच वापरलंस.

त्याच दिवशी चांगदेवकडे गेलो. तो आता दुसऱ्यांच्या द्राक्षबागेवर राखणीला असतो. शेळी बांधत होता, डाव्या हातानं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पाय धरले. मला वाटलं शिव्या देईल, भरपाई मागेल, पोलिसांत चला म्हणेल. त्यानं शेळीच्या दाव्याची गाठ पक्की केली आणि म्हणाला, "माझ्या लंकाला सांगा." तेव्हा मला ती गोष्ट कळली, जी आपल्या दोघांनाही माहीत नव्हती. त्यानं दारू सोडली होती ती पोरीच्या डोक्यावर हात ठेवून, शपथ घेऊन. अपघातानंतर तीन महिन्यांनी ती पोर टायफॉइडनं मरता मरता वाचली. लंकाबाईच्या मनानं घेतलं की बापानं शपथ मोडली, ते लेकरावर आलं. तेव्हापासून ती त्याला वाढते, त्याचं धुणं धुते, सगळं करते, पण त्याला पोरीच्या डोक्यावर हात ठेवू देत नाही.

मी तिला सांगितलं. दोन्ही प्रतींचे कागद छापून नेले होते, ते दाखवले. तिनं कागदांकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "तवा तुमीच म्हनत व्हता, पेला व्हता म्हनून. आता तुमीच म्हनता, न्हाई. तुमचं कंचं खरं धरू?" मग चांगदेव म्हणाला, "ज्यानं मशीनमधलं फिरवलं त्यालाच घेऊन या, भाऊ. तेवढं करा." पावणेदोन वर्षांत त्यानं मागितलेली ही एकच गोष्ट. हे पत्र त्यासाठी आहे. मी इन्स्पेक्टरकडे जाणार नाही, तुझ्या कंपनीला कळवणार नाही, शेठलाही नाही. तुझी नोकरी गेल्यानं त्याची बोटं उगवायची नाहीत. तू फक्त या रविवारी ये. लंकाबाईसमोर खाली बस आणि तिला सांग की तुझा नवरा त्या दिवशी प्यायला नव्हता, मशीन आपोआप सुरू झालं, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं. पोरगी तेव्हा घरात असेल असं मी पाहीन. मग चांगदेव काय करतो ते बघ आणि जा.

आजवर तुला लिहिताना खाली 'तुझाच' लिहीत आलो. ते रविवारनंतर बघू.

गोरख