बैलांच्या गोठ्यात सत्तावीस कोंबड्या

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

घाटनांदूर
ता. २ डिसेंबर २०२४

आरोहीच्या पप्पांस,
सौ. वनमालाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नका. तुमचा फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि मग आपलं भांडण ऊसतोडीची अख्खी टोळी ऐकते. परवा मी गोठ्याचा विषय काढला, तर तुमच्याऐवजी वच्छलाबाईच मला उत्तरं देत होती. म्हणून हे ट्रकच्या ड्रायव्हरजवळ देते आहे.

बैल विकून दोन वर्षं झाली. तेव्हापासून गोठ्यात एक मोडका पाळणा, बिनचाकाची सायकल आणि उंदीर एवढेच नांदत होते. तुम्ही म्हणता, पुन्हा बैल घेऊ. घ्या, त्याच दिवशी मोकळा करून देईन. तोवर तो माझा. भिंतीखालची बिळं दगडमातीनं बुजवली, वरच्या मोकळ्या भागाला जाळी ठोकली, बसायला आडव्या काठ्या बांधल्या. गव्हाणीत विटा उभ्या करून अंड्यांसाठी खण पाडले आणि भुसा घातला. आरोहीनं दारावर खडूनं ‘कोंबड्यांचं घर’ असं लिहिलंय, जशा काही त्या वाचूनच आत जाणार आहेत.

टोळीतल्या बायका दरवर्षी आपापल्या कोंबड्या पाय बांधून डालग्यातून तिकडं नेतात. यंदा आठ जणींनी त्या माझ्याकडं ठेवल्या. अंडी माझी, पिल्लं निम्मी-निम्मी. आपल्या सहा धरून सत्तावीस झाल्या.

आपलं काय ठरलंय ते ध्यानात असू द्या. होळीपर्यंत किराणा आणि आरोहीची शाळा अंड्यांवर भागली, तर पुढच्या वर्षी मी ऊस तोडायला येणार नाही आणि पोरगी दहावी इथंच करील. नाही भागली, तर दसऱ्यानंतर तिघंही ट्रकमध्ये. आठवीत तिचे पाच महिने बुडाले, ते माझ्या मनातून गेलेले नाहीत.

हाताला जपा. माया आहे तेवढी राहू द्या, वाढवली तरी माझी हरकत नाही.

आपली,
वनमाला

*

ऊसतोडीचा तळ, कऱ्हाडच्या पुढं
ता. ११ डिसेंबर २०२४

चि. सौ. वनमाला हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ड्रायव्हरनं वाचलं नसेल असं धरून चालतो, पण तो मला बघून कोंबड्यासारखा आरवला.

गव्हाणीत विटा उभ्या केल्यास हे वाचून जेवण गोड लागलं नाही. ती माझ्या बापाच्या, आप्पांच्या हातची गव्हाण आहे. असो. इकडं नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मी एकटा, म्हणून मला सगळे अर्धा कोयता म्हणतात. जोडीला पप्पू दिलाय. तो मोळी कमी बांधतो आणि गाणी जास्त म्हणतो.

खरं सांगू? मला हे जमेल असं वाटत नाही. आठ घरच्या कोंबड्या अंगावर घेतल्यास. त्यातली एक गेली तरी गावात मान खाली घालावी लागेल. वच्छलाबाई रोज विचारते, माझी काळी बरी हाय का. तिला काय सांगत जाऊ तेवढं कळव. शब्द दिलाय तो मोडणार नाही.

तुमच्या दोघींच्या आठवणीत असलेला,
रामप्रसाद

*

घाटनांदूर
ता. २७ डिसेंबर २०२४

आरोहीच्या पप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

वच्छलाबाईला काय सांगायचं ते कळवा म्हणालात. तिची काळी गेली. काळीबरोबर तिचीच एक ठिपक्यांचीही गेली. रानमांजरानं दारातल्या कडुलिंबावरून उचलल्या.

लिंबावरून, कारण एकही कोंबडी गोठ्यात जात नाही. दाणे टाकले तर दारापर्यंत येतात, मान तिरकी करून आत बघतात आणि परत फिरतात. हाकलून आत घातल्या तर सकाळपर्यंत कालवा करतात. दिवस कलला की सगळ्या लिंबावर. आरोही झाडावर चढून चढून खरचटून निघाली. अंडी कुठं घालतात म्हणाल तर लोकांच्या कडब्याच्या गंजीत, आणि ती शेजारच्या छबुबाईची पोरं उकडून खातात. छबुबाई म्हणाली की गोठ्याला नजर लागली हाय, मिरच्या ओवाळ. ओवाळल्या. कोंबड्या लिंबावर बसून बघत होत्या.

काल आरोही शाळेत गेल्यावर मी गव्हाणीवर बसून रडले. मनात आलं, तुमचंच खरं होतं. पण हे कुणाला बोलू नका, अजून होळी लांब आहे.

काही सुचलं तर लिहा, आणि सुचलं नाही तरी लिहा.

आपली,
वनमाला

*

ऊसतोडीचा तळ
ता. ६ जानेवारी २०२५

चि. सौ. वनमाला हिस,
अ. उ. आ.

वच्छलाबाईला सांगितलं. आधी ती माझ्यावर ओरडली, मग काळीसाठी रडली, आणि संध्याकाळी भाकरी घेऊन आली. म्हणाली की मांजराचा काय नेम हाय, वनमालाला म्हणावं जेवत जा.

आता नीट वाच. शेजारच्या टोळीनं कोंबड्या आणल्यात. काल दिवस मावळताना मी बघत बसलो. कुणी हाकललं नाही, काही नाही. एकेक आली, मान खाली घातली आणि उसाच्या पाचटाच्या कोपीत, माणसांच्याच त्या झोपडीत शिरली. तेव्हा माझं डोकं चाललं. अगं, तुझ्याकडच्या सगळ्या कोंबड्या कोपीत जन्मलेल्या. वाकून शिरायचं दार, बुटकं छप्पर, आत अंधार, हे त्यांचं घर. तू त्यांना बैलाच्या उंचीचा, चारी बाजूंनी उजेडाचा गोठा दिलास. त्यांना ते घर वाटेलच कसं? गोठ्यातच बांबू वाकवून एक कोपी घाल. पाचट जमिनीला टेकू दे, दार गुडघ्याएवढं ठेव. गव्हाणीवरही पाचट टाक.

हे लिहिताना हात थांबला. आपली आरोही पण कोपीतच जन्मली, असल्याच थंडीत. तिला त्या दाराची सवय लागू नये म्हणून तू माझ्याशी भांडतेस, एवढं कळायला मला कोंबड्या बघाव्या लागल्या. माझं चुकलं, वनमाला.

गव्हाणीतल्या विटा राहू दे.

तुझा,
रामप्रसाद

*

घाटनांदूर
ता. ९ मार्च २०२५

आरोहीच्या पप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! मधल्या दोन चिठ्ठ्यांत मुद्दाम काही लिहिलं नाही, म्हटलं सगळं एकदम लिहीन.

तुम्ही सांगितली तशी कोपी घातली. गोठ्यात कोपी बघून छबुबाई हसून हसून खाली बसली. मी आणि आरोही लिंबाखाली उभ्या. एक लंगडी पुढं झाली, दारात थांबली, मान खाली घातली आणि आत. तिच्यामागं दुसरी, मग रांगच लागली. आरोही मोजत होती, पंचविसावर पोचली आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली की चार परत बाहेर आल्या. तेव्हापासून एक दिवसही लिंबावर कुणी बसलेलं नाही. गव्हाणीचा एकेक खण भरतो.

इथले दोन हॉटेलवाले अंडी घरून नेतात, अंबाजोगाईच्या एका मेसला आठवड्याला एक ट्रे जातो. खुडूक बसलेल्या पाच जणींनी त्रेचाळीस पिल्लं काढली. वच्छलाबाईच्या दोन गेल्या, त्याबदल्यात माझ्या वाट्यातली दोन चांगली पिल्लं तिच्या नावानं वेगळी ठेवलीत. एक तर काळंच आहे. संक्रांतीपर्यंत ओढाताण झाली. तेव्हापासून किराणा आणि शाळा अंड्यांवर भागली, कुणापुढं हात पसरला नाही. छबुबाई आता माझ्याही कोंबड्या ठेवून घे म्हणते.

होळीला चार दिवस आहेत. मी माझं केलं. आता तुमचा शब्द मला कागदावर पाहिजे.

वाट बघणारी,
वनमाला

*

ऊसतोडीचा तळ
ता. १७ मार्च २०२५

चि. सौ. वनमाला हिस,
अ. उ. आ., आणि या वेळेला माझाही नमस्कार.

कागदावर घे. होळीच्या दुसऱ्या दिवशी मुकादम मोहनराव आले. पुढच्या सालासाठी जोडी धरू का म्हणून विचारलं. मी म्हणालो, धरू नका, माझी बायको घरी असणार हाय आणि पोरगी दहावीला हाय. ते म्हणाले की अर्धा कोयता परवडत न्हाई, बायकोला समजाव. मी म्हणालो, तिनंच मला समजावलंय. वच्छलाबाई मध्येच ओरडली की पुढच्या साली टोळीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या वनमालाकडंच राहणार हायत. मुकादम चहा अर्धा टाकून उठले.

शनिवारी पट्टा पडतोय, म्हणजे यंदाची तोड संपली. सोळा वर्षं मी ट्रकमधून उतरलो की पहिल्यांदा खिशात किल्ली चाचपतो. घर बंद, आत धूळ, चूल थंड. यंदा किल्ली आणलीच नव्हती, हे मला आज सामान बांधताना कळलं. बांधता बांधता खाली बसलो. पप्पूनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही न्हाई, आमच्या घराला यंदा कुलूप न्हाई.

रविवारी सकाळी पोचतो. दार उघडं ठेव.

तुझा,
रामप्रसाद