ताटाखालचा रोडगा

रविवार, संध्याकाळ. लोणारजवळ, गाडीमागं जोडलेल्या आमच्या इवल्याशा ट्रेलर-घरात.

इथं जाळ करायला बंदी, म्हणून कढईत मीठ तापवून रोडगे गॅसवरच भाजले. वरून खमंग, आत कच्चे. ह्यांनी कडा खाल्ल्या आणि मधला गोळा गुपचूप ताटाखाली सरकवला. वर म्हणतात, "झकास झाले वं." काऊन खोटं बोलावं?

उद्या सासूबाई बसनं येतात. आम्ही घरून निघतानाच त्यांनी बजावलंय, "गोवऱ्यांबिगर रोडगा होत नाही."

पण चूक गॅसची नाही. घडीघडी झाकण उघडून बघत होते मीच. उरलेल्या कणकेचे लहान रोडगे केले, झाकणावर दगड ठेवला आणि अर्धा तास बाहेर जाऊन बसले.

ह्यांनी या खेपेला तारीफ केली नाही, तूप मागितलं. मी त्यांचं ताट उचलून पाहिलं. खाली काही नव्हतं.