डिंकात रुतलेलं पोट

शनिवार, ३ डिसेंबर १९८८
पिंप्राळा, जळगाव

कितीदा हात धुतले, तरी बोटांचा डिंक निघत नाही. डोक्यातला राग तर जाऊच दे.

एरंडोलच्या कपाशीत पकडलेली माझी लांडगा-कोळ्याची मादी आमच्या विभागप्रमुख सरांनी अल्कोहोलच्या बाटलीतून काढली, वाळवली आणि डिंक लावून पुठ्ठ्यावर चिकटवली. पोट खाली, पाय छान पसरलेले. का, तर सोमवारी कॉलेजात विद्यापीठाची समिती येणार! वर चिठ्ठी लावली, 'लांडगा-कोळी, नर', आणि ओळखणारा म्हणून स्वतःचं नाव.

नर? अंड्यांची पिशवी मागे ओढत चालली होती ती, तेव्हा पकडली मी! डोळ्यांच्या मांडणीवरून लांडगा-कोळी एवढंच कळतं. त्यातली जात कुठली, हे फक्त मादीच्याच पोटाखाली असणारी इवलीशी कडक चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. आणि नेमकी तीच डिंकात!

"अहो मॅडम, पाहुण्यांना काय पोट दाखवायचं?" सर हसत म्हणाले. "दुसरा पकडा. कपाशीत काय कमी आहेत?"

मी पुठ्ठा उचलला आणि निघाले.

दुपारभर कोमट पाण्याने डिंक भिजवत बसले. शेवटी मादी सुटली, पण चकती फाटून पुठ्ठ्यालाच राहिली. डोळे मात्र आठही शाबूत. आता काय करू त्यांचं?

पुठ्ठा फेकणार होते. नाही फेकला. सोमवारी समितीसमोर तसाच मांडणार आहे. डिंकाचा डाग, त्यात मादीच्या पोटाचा तुकडा, वर सरांच्या अक्षरात 'नर' आणि त्यांचं नाव. शेजारी सूक्ष्मदर्शक लावूनच ठेवीन.