रिकाम्या चौकटी

प्रिय आदिनाथ,

पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हा तू आधी हसला असशील. या जमान्यात पत्र, अक्का वेडीच झाली म्हणाला असशील. हस बाबा. पत्राचं कारण साधं आहे. तुझ्या पेजवर तुला मेसेज करायला गेले तर माझा फोन म्हणतो आधी ॲप टाका, आणि ॲप टाकायला गेले तर म्हणतो जागा नाही. फोन लावावा तर तू 'थांब अक्का, एक मिनिट' म्हणतोस, आणि ते एक मिनिट तुला कशासाठी लागतं ते मला आता कळलंय. मागे मी तुला आईच्या खोकल्याचं सांगत होते, ते माझं काकुळतीचं बोलणं तू कापून व्हिडिओच्या सुरुवातीला लावलंस. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागद.

आधी घरचं सांगते. येलदरीच्या धरणाला यंदा पाणी बरं आहे, त्यामुळे मेंढरं लांब न्यावी लागत नाहीत. तांबड्या कानाच्या मेंढीला जुळं झालं. त्यातलं एक अशक्त निघालं, ते आईने चुलीजवळ घेतलंय आणि बाटलीने दूध पाजते. खोकला थांबलाय. तूर काढून झाली. मला सासरी परत पाठवायचा विषय आता कुणी काढत नाही, त्यामुळे मीही सुखात आहे म्हणायला हरकत नाही. शेजारी भगवानरावांच्या घरी नवी सून आली, राजेश्री नावाची. सेलूकडची आहे. पोर गुणी आहे, आईला मामी म्हणते आणि सकाळ-संध्याकाळ डोकावून जाते. तिच्याबद्दल पुढे लिहायचंच आहे.

तू नवा फोन घेतलास आणि तुझा जुना, कोपऱ्यात काच तडकलेला, मला दिलास तेव्हा मला काय आनंद झाला होता. मी नवऱ्याचं घर सोडून आल्यावर मला काहीतरी देणारा तू पहिला. त्या फोनमध्ये एक ॲप टाकलं की दुसरं काढावं लागायचं. शेवटी जिंतूरच्या मोबाईल दुकानातल्या माणसाने त्यात एक लहानसा ब्राउझर टाकून दिला आणि म्हणाला, 'अक्का, ह्ये लय हलकं हाय, उपाशीपोटी बी पळतंय.' पळतंय ते खरं. फक्त त्यात चित्रं दिसत नाहीत. डेटा वाचवायला त्याने ती बंदच करून ठेवली होती, आणि मी एकदा चालू केली तर पान उघडेपर्यंत शेजारची भाकरी भाजून झाली. मग पुन्हा बंद केली. व्हिडिओच्या जागी एक करडा ठोकळा येतो, त्याला दाबलं की काहीच होत नाही. पण त्याखाली लोकांनी लिहिलेलं सगळं, एकूण एक, झरझर दिसतं. मला वाटलं, आपल्याला तेवढं पुरे. आई तर घरातच आहे, तिला बघायला व्हिडिओ कशाला हवा?

आईचे व्हिडिओ टाकायला तू पेज काढलंस आणि तिच्याच नावावरून त्याला 'गावठी मनकर्णा' नाव दिलंस तेव्हा मला थोडं खटकलं होतं. आईच म्हणाली, 'गावठी म्हन्जी अस्सल. तूप गावठीच इचारत्यात लोक.' तिचा तुझ्यावर असा विश्वास. आमच्या घरात रेंज येत नाही हे तुला माहीत आहे. मेंढरं कोंडून झाली की आई हातपाय धुवायची, आणि आम्ही दोघी मागच्या उंचवट्यावर जाऊन बसायचो. मी पेज उघडायच्या आधी ती डोक्यावरून पदर घ्यायची. मी म्हणायचे, अगं आई, यातून कुणी तुला बघत नाही, आपणच वाचतोय. तरी घ्यायचीच. 'एवढी मानसं हायत तितं,' म्हणायची.

मग मी वाचायचे. 'आजी एकच नंबर.' 'आजी लय भारी.' 'काय बोलती राव आजी.' प्रत्येक ओळीपुढे रिकाम्या चौकटी असायच्या, एक, दोन, कधी ओळभर. फोन जुना, त्याला नवी चिन्हं दाखवता येत नाहीत, एवढं मला माहीत होतं. पण चिन्हं कसली ते कळणार कसं? एकाने 'आजी नमस्कार' लिहून पुढे तशाच चौकटी टाकल्या होत्या, त्यावरून मी ठरवून टाकलं की हे जोडलेले हात आहेत. आईला तसं सांगितलं. तेव्हापासून मी 'चौकटी' म्हटलं की ती त्या तडकलेल्या काचेला हात जोडायची. माणसामागे एकदा. मी दमून वाचणं थांबवायचे, ती हात जोडायची थांबायची नाही. आजी म्हणतात म्हणून कौतुकाने तक्रार करायची, 'अजून सून न्हाई घरात, आन् आजी केलं मला.'

त्या येसराची गोष्ट आठवते? कुणीतरी लिहिलं होतं, 'आजी, आम्हाला पण येसर पाठवा की.' पुढे चौकटींची रांग. आमटीत घालायच्या त्या पिठासाठी आईने दुसऱ्या दिवशी धान्य भाजायला घेतलं. धुराने तिचा खोकला वाढला तो तिथूनच. तू आलास तेव्हा डबा तुझ्या पिशवीत घातला आणि तुला बजावलं, त्या माणसाला नक्की दे, त्याने हात जोडून मागितलंय. तू मान हलवलीस. तू डबा हातात घेऊन मोबाईलपुढे काय काय बोललास ते मी नंतर राजेश्रीच्या फोनवर ऐकलं. त्या माणसाला येसर पोचला का, एवढं आई तुला फोनवर दरवेळी विचारायची आणि तू 'हो गं' म्हणायचास.

आणि मग दिवाळी. तू आईला बाजेवर बसवलंस, तिच्यामागे मेंढरं दिसतील अशी बाज सरकवलीस आणि म्हणालास, 'आई, मी लहानपणी आजारी पडलो होतो ते सांग.' मला तर भरूनच आलं. ती गोष्ट आईने कधी सबंध सांगितली नव्हती. बा कळप घेऊन पुढे गेलेला, आपण नदीपलीकडे मुक्कामाला, आणि तुझं अंग तापलेलं. मी तेव्हा एवढीशी, माझ्या हातात कोकरू देऊन तिने तुला घोंगडीत पाठीशी बांधलं आणि जिंतूरची वाट धरली. दवाखान्यातून डॉक्टर घरी गेलेला, ती त्याच्या घराच्या पायरीवर जाऊन बसली. 'मेंढराचा वास यायलाय, लांब बस म्हनला डाक्टर. म्या लांब बसले, पन लेकराला त्याच्या पायावर ठिवलं. म्हनलं, मला वास यायलाय, ह्याला न्हाई. ह्याला इंजिशन द्या.' मी दाराच्या मागे उभी राहून रडले. तू मोबाईल धरून बसला होतास आणि मी मनात म्हटलं, माझा भाऊ आईचे शब्द जपून ठेवतोय, आम्हाला हे सुचलं नसतं.

त्या व्हिडिओखाली जितकं लिहून आलं तितकं कधीच आलं नव्हतं. करड्या ठोकळ्याखाली ओळींमागून ओळी. 'डोळ्यांतून पाणी आलं राव.' 'आजी, बास करा, सहन होत नाही.' 'मेलो.' त्या 'मेलो'वर मी जरा अडखळले, पण पुढच्या शंभर जणांच्या डोळ्यांत पाणी होतं, मग मी तेही वाचून टाकलं. आईने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, 'कुटली कोन लोकं, माज्यासाटी रडायलीत. तवा त्या गावात एक मानूस म्होरं आलं नव्हतं.' आणि तिने हात जोडले. आदिनाथ, तिच्या आयुष्यातलं एक जुनं दुखणं त्या दिवशी बरं झालं असं मला वाटलं. मी तुला मनातून किती आशीर्वाद दिले.

राजेश्रीला तिच्या भावाने नवा फोन पाठवला. ती बिचारी कौतुकाने पळत आली, 'मामी, तुमी तर लय फेमस हायत, म्या आजच बघितलं!' आई मेंढीचं दूध काढत होती. हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि उंचवट्यावर येऊन बघायला बसली. तिने स्वतःला पहिल्यांदा बघितलं ते असं. दवाखान्याचाच व्हिडिओ होता. 'वास यायलाय' म्हणताच मेंढी ओरडली, आणि ती आपली मेंढी नव्हती, तू घातलेली होती. 'इंजिशन' हा शब्द तू तीन-तीनदा फिरवून लावलास, प्रत्येक वेळी आईचं तोंड मोठं होत होतं. 'लेकराला त्याच्या पायावर ठिवलं' म्हटल्यावर खूप माणसं एकदम खदखदून हसली. आणि खाली माझ्या ओळखीच्या सगळ्या ओळी. 'डोळ्यांतून पाणी आलं राव', आणि पुढे माझ्या चौकटींच्या जागी पिवळी तोंडं, हसून हसून डोळ्यांतून पाणी गळणारी. ओळभर. एकही हात जोडलेला नव्हता.

राजेश्रीचा चेहरा पडला. तिने घाईने बंद केलं. आईने मला एवढंच विचारलं, 'सविता, ह्ये हासनं कुनाचं हाय? त्या दिवशी आपल्या घरात तर कुनीच हासलं न्हवतं.'

तिला काय सांगू मी, तूच सांग. ते हसणं तयार मिळतं आणि पाहिजे तिथे चिकटवता येतं, असं राजेश्रीने मला नंतर हळूच सांगितलं. म्हणजे लोक हसले ते नंतर. पहिला तू हसलास. लोकांना मी काय बोलू? त्यांना आई कोण, पायरी कोणती, काही माहीत नाही. तुला माहीत होतं. घोंगडीत तू होतास. एकेकदा वाटतं, तो हलका ब्राउझर माझ्यापेक्षा शहाणा होता. त्याने लोकांचे शब्द तेवढे घरात येऊ दिले आणि तुझी करणी बाहेर ठेवली. मी मूर्ख, मला वाटायचं आपल्याला कमी दिसतंय.

त्या दिवसापासून आई बोलत नाही. अगदीच मुकी नाही, 'हं' म्हणते, 'जेव' म्हणते. पण तू तिला ओळखतोस, मेंढरं हाकताना तिची बडबड पार धरणापर्यंत ऐकू जायची. आता नुसती काठी आपटते. बाजारात वांग्याकडे बोट दाखवते. एकदा बाजारात दोन टवाळ पोरं मागून 'इंजिशन, इंजिशन' करत गेली, तिने मागे वळून पाहिलं नाही. परवा कोकराला दूध पाजताना काहीतरी म्हणाली, आणि मी आले तशी चपापून गप्प झाली. मला पाहून, आदिनाथ. माझ्या हातात फोन होता.

संध्याकाळी ती उंचवट्यावर येत नाही. मी फोनमधून तुझं पेज काढून टाकलं. माझा संताप अजून गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. तू म्हणशील, अक्का, एवढं मनावर काय घेतेस, आईमुळे लोकांचा दिवस चांगला जातो. जात असेल. तिचा गेला नाही.

आता हे पत्र का, ते. तू गेल्या आठवड्यात फोन करून सांगितलंस की अर्पिताशी लग्न ठरलं, तिच्या घरचे गावाकडचं घर बघायला येणार, सोबत दोन मित्र लाइट-बिट घेऊन येतील आणि आईने कॅमेऱ्यासमोर आपल्या भाषेत लग्नाचं आवतण द्यायचं. मी फोन आईला दिला, तिने तो कानाला न लावताच परत केला. मी तुला त्याच वेळी सुनावणार होते, तिने माझा हात धरला. तुला काही कळू द्यायचं नाही, पोराच्या आनंदात विरजण नको, अशी तिची ताकीद आहे. ती मी मोडलीय. पण तिने मला एक निरोप लिहायला सांगितलाय, तो मी तिच्याच शब्दांत लिहिते, एकही शब्द कमी-जास्त केलेला नाही. कितीतरी दिवसांनी ती एवढं बोलली. 'त्याला लिव्ह, भेऊ नको म्हनावं. पाव्हन्यांम्होरं मी तोंड उघडनार न्हाई, तुला हासू यील असं काय बी बोलनार न्हाई. पन येवढी बारी मोबाईल तोंडाम्होरून काढ. दोन वर्सं झाली, तू आला की मोबाईलच दिसायलाय. मला माज्या लेकराचं तोंड बगायचंय.'

तुझीच,
अक्का