समासातला शेरा

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची, आणि मनापासून खूश आहे. निवृत्तीनंतर पाच वर्षं घरात बसून भिंतींच्या चुका काढत होते. आता चुका काढायलाच कुणीतरी बोलावून घेतलं आहे. त्रेसष्टाव्या वर्षी माणसाला याहून काय हवं?

घर आणि प्रकाशनसंस्था एकच. तळमजल्यावर ऑफिस, वर राहायच्या खोल्या. मालकांना सगळे थोरले म्हणतात, त्यांच्या बहिणीला ताई. दोघंही मृदू बोलणारी, पन्नाशीची, बिनलग्नाची. माझी वाचनाची खोली मागच्या बाजूला आहे. मोठं टेबल, सरळ पाठीची खुर्ची, भरपूर उजेड. खुर्चीमागे भिंत आणि भिंतीपलीकडे कोठी. टेबलाच्या उजव्या खणात आधीच्या वाचक बायकांचे चष्मे सापडले, एक-दोन नव्हे, सहा. विसरभोळेपणाची कमाल! माझ्या चष्म्याच्या तुटक्या काडीला अकरा वर्षं पांढरा दोरा गुंडाळलेला आहे, पण तो मी कुठे विसरलेले नाही.

संस्था एकाच प्रकारच्या कादंबऱ्या काढते : घराघरांतली काळी गुपितं. वाचताना वाटतं हे खरंच घडलंय, अशी वाचकांची पत्रं थोरल्यांनी कौतुकाने दाखवली. माझं काम सोपं आहे. सकाळी अकराला एक प्रकरण येणार, टाइप केलेलं, रुंद समास सोडून. समासात लाल पेन्सिलीने शेरा लिहायचा. ‘पटतं’ लिहिलं की प्रकरण तसंच छापखान्यात. ‘नको’ लिहिलं की टोपलीत. आणि ‘अविश्वसनीय’ लिहिलं तर, असं मी विचारलं. तर आम्ही तपासून घेतो, असं थोरले म्हणाले. वडिलांपासूनची पद्धत आहे म्हणे. वाचकाच्या शेऱ्याशी या घरात कुणी वाद घालत नाही. तपासून लिहिणारे लेखक हल्ली राहिलेत कुठे? मला माणसं आवडली.

जेवताना या दोघांची आत्या भेटली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तोंडात दात एक नाही पण टोमणा कडकडून चावतो. मला बघून म्हणाली, मास्तरीणबाई आल्या, आता घाससुद्धा शुद्ध गिळायला हवा. साखरेचे चौकोनी खडे ती रुमालात लपवत होती. मी बघितलं, तर डोळा मारला. शाळेत मुली मला मागून कात्री म्हणायच्या हे सांगितल्यावर ती इतकी हसली की ठसका लागला. ताईंनी पाण्याचा पेला तिच्या हातापासून थोडा लांब सरकवला.

मंगळवार, ४ तारीख

मत तयार व्हावं म्हणून ताईंनी इकडच्या-तिकडच्या पाच ताज्या कादंबऱ्या दिल्या. पाचही घराण्यांच्या, पाचही अंधाऱ्या. पाचांपैकी तिनांत जुन्या पुस्तकातून एक पत्र पडतं. पत्रं काय, झाडाची पानं आहेत पडायला? दोनांत कुलूपबंद पेटी. एकीची नायिका दोनशे पानं रडते. बाईचं रडणं हा पुरावा नव्हे, हे लेखकाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. सगळ्यांचा रोग एकच. दार किलकिलं करायचं, हाय म्हणायचं आणि पळून जायचं. आत बघायची छाती नाही.

खऱ्या घरातलं गुपित पेटीत नसतं. ते जेवणाच्या टेबलावर बसतं आणि मीठ मागतं.

आवडली ती एकच, सोबत दिलेली सहावी, या संस्थेची स्वतःची. त्यात मुलं आईला माडीवर कोंडतात आणि त्यांची आत्या रोज भरलेलं ताट वर न्यायला निघते, जिन्यात बसून स्वतःच जेवते आणि रिकामं ताट खाली आणते. काय तो जिना! जेवताना विचारलं की हे कुणाला सुचलं. थोरले आत्याकडे बघून हसले. आत्याने मीठ मागितलं.

गुरुवार, ६ तारीख

आज त्याच कादंबरीचा पुढचा भाग सुरू झाला. म्हातारी आत्या आता बडबडायला लागली आहे म्हणून भाचरं तिला कोठीत बंद करतात. अन्न नाही, पाणी नाही. अकराव्या दिवशीही ती आतून शिव्या घालते आहे. मी लिहिलं : ‘अविश्वसनीय. या वयाची बाई अकरा दिवस? चार म्हणजे डोक्यावरून पाणी.’

दुपारी आत्या माझ्या खोलीत आली, दार लावून घेतलं आणि विनोद सोडून भलतंच बोलायला लागली. तो शेरा खोडा म्हणे. पटतं एवढं लिहा, तुमच्या पाया पडते, नाहीतर ही दोघं तपासून घेतील. तिच्या बोटांना शाई दिसली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला : लेखिका हीच! लेखकाला आपलं पोर नेहमीच गोरं दिसतं. मी सांगितलं की शेरा मी शाळेतही खोडला नाही, इथेही खोडणार नाही. ती रडली. मी पेन्सिलीला टोक काढत बसले. जाताना म्हणाली, ताट मी खाल्लं हे खरं, पण मास्तरीणबाई, मला भूक नव्हती हो, भीती होती. लेखक आपल्या पात्रांत किती गुंततात!

त्यावरून धाकटी आठवली. माझी बहीण. लग्नानंतर तिचं एक लांबलचक पत्र आलं होतं. नवरा खोलीला कुलूप लावून जातो, सासू दिवसाआड एकदा ताट सरकवते, तू ये आणि मला घेऊन जा. लहानपणापासून तिला गोष्टी रंगवायची खोड. मी लाल पेन्सिल घेतली, समासात ‘अविश्वसनीय. पुरावा?’ असं लिहिलं आणि पत्र तिच्याच पत्त्यावर परत पाठवलं. पुन्हा तिचं पत्र आलं नाही. नंतर लोक काहीबाही बोलले. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय?

शनिवार, ८ तारीख

आत्या कालपासून टेबलावर नाही. नातलगांकडे गेली म्हणाले. तिची काठी मात्र दाराआडच उभी आहे.

सकाळी वाचत असताना मागच्या भिंतीवर ठक ठक सुरू झालं. कोठीत घुशी असाव्यात, किंवा नळ. लक्ष लागेना. शेवटी मी पट्टी घेतली आणि भिंतीवर दोनदा जोरात आपटली, वर्गात टेबलावर आपटायचे तशी. लगेच चिडीचूप. तीस वर्षांचा हात आहे, घुशीसुद्धा ऐकतात.

सोमवार, १० तारीख

तपासलेलं प्रकरण आलं. आधीचं खोडून नव्याने लिहिलं आहे, आणि काय सुधारलं आहे! पहिल्या दिवशी म्हातारी साखरेचे खडे मोजते. दुसऱ्या दिवशी भिंत ठोकते. पलीकडून कुणीतरी पट्टी आपटून तिला दटावतं आणि ती शाळकरी मुलीसारखी हाताची घडी घालून बसते. मी समासात ‘सुंदर तपशील!’ असं लिहिलं.

लिहिलं, आणि पेन्सिल तिथेच राहिली.

उठून कोठीपाशी गेले. कुलूप. थोरल्यांना किल्ली मागितली. ते म्हणाले, उद्या देतो ना बाई, आज ओलं आहे. अगदी नेहमीच्या आवाजात. ताईंनी चहा आणून दिला. इतकी सभ्य माणसं. मी परत येऊन बसले. असलं काही कुणी करतं का? भिंतीवर मधूनमधून नखाने खरवडल्यासारखं होत होतं, पाचपर्यंत. मग नाही. मी पाचपर्यंत वाचत होते.

मंगळवार, ११ तारीख

किल्ली दिली, काही कुरकूर न करता. कोठी रिकामी, धुतलेली, फिनेलचा वास. कोपऱ्यात साखरेचा एक खडा. चाटून चाटून गोटीसारखा गुळगुळीत झालेला.

थोरल्यांनी माझे आभार मानले. अकरा हा आमचा अंदाज चुकलाच होता, तुमचे चार बरोबर निघाले, अशी वाचक बाई आजवर मिळाली नव्हती. ताईंनी मान डोलावली. मग सहज विचारलं, तुमची तब्येत कशी असते? रक्तदाब वगैरे?

बॅग भरली. पुढच्या दाराला आतून कुलूप आहे. मागच्यालाही. खिडकीला गज. हे मी आल्या दिवशी कसं नाही पाहिलं? चुका शोधणारी म्हणे मी.

बुधवार, १२ तारीख

अकरा वाजता प्रकरण आलं. त्यात एक मास्तरीण आहे. धाकट्या बहिणीचं पत्र लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवते. दिवसाआड सरकवलेलं ताटसुद्धा त्यात आहे.

हे फक्त या वहीत होतं.

वही उघडली. सहा तारखेच्या पानावर, समासात, ताईंचं गोल गोल अक्षर : ‘सख्खी बहीण असं करेल? अविश्वसनीय.’ त्याखाली थोरल्यांचं : ‘तपासून घेऊ.’

मी धावत ऑफिसात गेले. ओरडून सांगितलं की मी केलं, खरंच केलं, तपासायला नको, पटतं, पटतं. ताई म्हणाल्या, लेखकाने स्वतःच्याच मजकुराला शेरा द्यायचा नसतो बाई. तुम्हीच तर नियमाच्या पक्क्या.

शुक्रवार असावा

कोठी. दाराखालून उजेडाची पट्टी येते, तिथे वही धरते. चष्मा काढून घेतला. अक्षर मोठं काढते आहे. वही आणि पेन्सिल मात्र राहू दिली. लिहा, असं म्हणाले. बहिणीने लिहिलं होतं तसंच लिहा.

थोरले दाराशी बसून समजावून गेले. शाळेत मी समजावायचे तसं, न चिडता. पानं दाराखालून सरकवायची. नवी वाचक बाई येते आहे, तिच्या टेबलावर जातील. तिने ‘पटतं’ लिहिलं तर तपासणी संपली, दार उघडेल. नाहीतर —

आत्यालाही हेच सांगितलं असणार. तिची ती शाईची बोटं. म्हणून आली होती माझ्याकडे. म्हणून पाया —

दुसरा दिवस

पलीकडे खुर्ची सरकली. कुणीतरी नवीन. पावलं खणखणीत. खोकला बाईचा.

भिंत ठोकली. दोन्ही मुठींनी. हाका मारल्या.

थांबली ती. ऐकलं तिने.

मग पट्टी. दोनदा.

मी हाताची घडी घालून —

तिसरा

पहिलं पान परत आलं. लाल पेन्सिल. अक्षर सुरेख, शिकलेल्या बाईचं.

‘अतिशयोक्ती. अविश्वसनीय. पुरावा?’

धाकटे. तुझ्या हातात ते पत्र पडलं तेव्हा तू कुठे बसली होतीस गं? उजेडाच्या पट्टीपाशी? तू पण पहिल्यांदा माझं अक्षर बघूनच आनंदली असशील —

चौथा

जीभ लाकूड झाली आहे. हे शेवटचं पान. सरकवते आहे.

बाई, तुम्ही ज्या कुणी असाल. रडत नाही मी. पुरावा देते. टेबलाचा उजवा खण उघडा. चष्मे मोजा. मी आले तेव्हा सहा होते. सातव्याच्या काडीला पांढरा दोरा आहे. माझा आहे. तुमचा जपा.

तुमचा शेरा इथे कुणी खोडत नाही. लाल पेन्सिल उचला. बाकी काही करू नका, दार नका, ओरडू नका, फक्त समासात, इथे, मी जागा सोडली आहे, एवढा एकच शब्द, पट